आवाजाचं शेपूट

बन्सीभाऊ खरातांबद्दल कुणी गोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं, आणि वाईट बोलायला लागलं की त्याहून जास्त फिरतं. गोड बोलणाऱ्यांना त्यांची जीभ कधी लागलेली नसते. वाईट बोलणाऱ्यांना आपण त्या माणसाचं काय केलं ते सोयीनं आठवत नसतं. मला दोन्ही आठवतं, कारण जीभ मला लागली होती आणि केलं तेही मीच होतं. मी दातांचा डॉक्टर. सिडकोत दवाखाना आहे. गिटार वाजवतो ती हौस म्हणून, आणि कशी वाजवतो ते पुढं येईलच.

बन्सीभाऊंचं घर चिकलठाण्यात, विमानतळाच्या अंगाला. घरामागं पत्र्याची शेड. एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करून निवृत्त झालेला हा काटकुळा माणूस. खिशात टेस्टर, कपाळावर चष्मा, आणि दाढी आठवड्यातून एकदाच. मूळचे सोयगावकडचे, मेंढपाळाच्या घरातले. "आमच्या बापाला अंधारात मेंढरू खोकललं तरी कोणतं ते कळायचं," ते सांगायचे, "मी त्याच्याच पोटचा हाय." त्या शेडमध्ये ते गिटारवाल्यांचे व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करायचे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगतो. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, तापल्या की आतून लालसर दिसायच्या, तेच व्हॉल्व्ह. जग त्यांना विसरलं, गिटारवाले विसरले नाहीत. त्यातून निघणारा आवाज भरलेला आणि गरम असतो असं आम्ही म्हणतो, आणि मग आपला कुठला, दुसऱ्याचा कुठला, यावरून भावकीतल्यासारखे भांडतो.

हे भांडण बन्सीभाऊंच्या शेडमध्ये मिटायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता तिथं 'चादर' असायची. दोरीवर एक जुनी सोलापुरी चादर टाकलेली, तिच्यामागं तीन-चार ॲम्प. कुठला ॲम्प कुणाचा, केवढ्याचा, कुठल्या देशाचा, काही दिसायचं नाही. एक जण चादरीमागं राहून वायर बदलायचा. वाजवणारा अलीकडं बसायचा आणि एकच सूर छेडायचा, हळू. सूर निघाला की जमलेल्या सगळ्यांनी एक बोट वर करायचं. सूर विरत जातो. ज्याला ऐकू येणं थांबलं त्यानं बोट खाली घ्यायचं. शेवटी एकच बोट वर राहायचं, बन्सीभाऊंचं. आम्हाला सगळं शांत झाल्यासारखं वाटल्यावरही ते बोट दोन-चार क्षण तसंच असायचं आणि मग सावकाश खाली यायचं.

"आवाजाचं तोंड कुणालाबी वळखू येतं," ते म्हणायचे. "खानदान कळतं ते शेपटावर. मरताना कसा मरतो ते बघा."

त्यानंतर निकाल. निकाल ते जेवणाच्या भाषेत द्यायचे. "हे ताक." "हे पिठलं, तेबी पातळ." "ह्यो ठेचा हाय, पण मिरची शिळी." आणि क्वचित, वर्षातून एखाद्या वेळी, "ही साय." ज्याच्या ॲम्पला साय मिळाली तो महिनाभर जमिनीवरून चालत नसे. वाळूजच्या कंपनीत काम करणारी बजाजनगरची पोरं, कॉलेजातली, लग्नांत वाजवणारी ऑर्केस्ट्रावाली मंडळी, कुणीही चादरीशिवाय ॲम्प घ्यायचं नाही. आपला आवडता ॲम्प कोणता हे आम्ही बन्सीभाऊंना विचारून ठरवायचो. आता लिहितानासुद्धा हसू येतं, पण तसंच होतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवाकोरा ॲम्प गाडीत घालून गेलो होतो. छाती पुढं काढून. चादरीमागं तो लागला, सूर निघाला, बोटं वर गेली. बन्सीभाऊंचं बोट सगळ्यांच्या आधी खाली आलं. "ह्याच्यात फ्रिजचा आवाज येतो," ते म्हणाले. "कुणाचा हाय? डॉक्टरांचा? मग डॉक्टर, पाण्याच्या बाटल्या ठेवा ह्याच्यात." शेड हसली. मी लालबुंद. ते मात्र उठले, मागचं झाकण काढलं, एक व्हॉल्व्ह उपटून दुसरा बसवला आणि पुन्हा सूर छेडायला लावला. माझ्या अंगावर काटा आला. तोच ॲम्प, पण आवाज दुसऱ्याच घरचा. "बैल चांगला व्हता," ते म्हणाले, "वेसण चुकली व्हती." एवढ्यावर मी त्यांचा गुलाम झालो. पुढची सहा-सात वर्षं शिव्या खायला नेमानं जात राहिलो.

त्यांची जीभ म्हणजे नुसता वस्तरा. प्रशांत नावाचा आमचा एक मित्र गुलमंडीजवळ गिटारचा क्लास चालवतो. त्यानं तीन महिन्यांत तिसरा ॲम्प आणला तेव्हा बन्सीभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याला वाजवता येत नाय त्यो ॲम्प बदलतो. ज्याला लईच येत नाय त्यो गिटार बदलतो. आन् ज्याला कशानंच येत नाय त्यो क्लास काढतो." प्रशांत हसला, पण त्याचे कान तापलेले मला दिसत होते. त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात क्लास सोडला.

आणि कान? काय वर्णन करू. एकदा जालना रोडवर त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो होतो. वरात आडवी आली. बँडच्या गाडीवर आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा ॲम्प. एवढ्या ढोल-ताशाच्या दणक्यात बन्सीभाऊंनी स्कूटर थांबवली, बँडवाल्यापाशी गेले आणि म्हणाले, "मालक, तुमच्या एका व्हॉल्व्हला धाप लागलीय. मांडवापर्यंत जात नाय बघा." त्यानं हात झटकला, "चल चल, पुढं हो." बन्सीभाऊ परत आले, स्कूटर बाजूला लावली आणि म्हणाले, "थांबा, गंमत बघू." पाचव्या मिनिटाला कर्र झालं आणि गाणं गेलं. घोड्यावरचा नवरदेव, नाचणारे, सगळे जागच्या जागी. बन्सीभाऊ पोट धरून हसले. मग डिक्कीतला एक कागदाचा पुडा मला दाखवला. आत तसलाच व्हॉल्व्ह, चालू.

"अहो, मग द्या की त्याला!"

"काहून? त्यानं मला 'पुढं हो' म्हनलं ना? चला, पुढं व्हऊ."

असा माणूस.

मग एकदा त्यांची दाढ सुजली. गाल फुगलेला, बोलणं बंद. खरं सांगतो, मला बरं वाटलं. खुर्चीत झोपवलं, माझ्या तोंडाला मास्क लावला आणि म्हटलं, "आ करा." करेनात. "मोठा आ करा, बन्सीभाऊ." ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, इथंसुद्धा छळतोय म्हातारा. मास्क खाली ओढून तेच बोललो तर लगेच जबडा उघडला. पुन्हा मास्क वर, "डावीकडं वळा," तर वळले उजवीकडं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आणि मग मी जे केलं ते डॉक्टरनं करायचं नसतं. त्यांच्याकडं पाठ केली, इंजेक्शन भरता भरता रोजच्या आवाजात म्हटलं, "बन्सीभाऊ, तुमच्या शेडला आग लागलीय." मागं काही हालचाल नाही. वळून बघितलं तर ते छताकडं बघत निवांत पडलेले.

मी मास्क काढला. "तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की. तुमचं बोलनंच ऐकन्यासारखं नसतं."

"बन्सीभाऊ."

ते उठून बसले. दुखऱ्या गालावर हात धरून म्हणाले, "दोन वरसं झाली. मोठा आवाज येतो. बोलनं तोंडाकडं बघून कळतं. बारीक काय बी येत नाय."

"आणि शेपूट?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी म्हटलं, मशीन लावा कानाला, हल्ली चांगली मिळतात. तर माझं मनगट धरून म्हणाले, "मशीनवाल्या मानसाकडं कोन ॲम्प ऐकवायला आनंल, डॉक्टर? भाऊ मेंढरांत राह्यला, मी शिकलो, तर गावाचा राह्यलो नाय. कारखान्यानं घरी बसवलं. ह्यो एक कान तेवढा माझा व्हता. त्यो गेला म्हनून कळलं तर मी कोन? हे इथंच राहू द्या. पाया पडतो."

त्या माणसाच्या तोंडून 'पाया पडतो' मी पहिल्यांदा ऐकलं. विचारलं, "वहिनींना माहीत आहे?"

"कमलला वाटतं मी ध्यान देत नाय. तसंच वाटू द्या."

मी शब्द दिला. दाढ काढली, कापूस चावायला दिला, रिक्षात बसवून दिलं.

पुढच्या रविवारी चादरीला गेलो तो नीट डोळे उघडे ठेवून. आणि मला सगळं दिसलं. पूर्वी बन्सीभाऊ चादरीकडं तोंड करून, डोळे मिटून बसायचे. आता त्यांचं स्टूल आमच्याकडं वळलेलं होतं. आम्हाला वाटलं होतं, आमची बोटं तपासायला वळवलंय. ते आमचे चेहरे वाचत होते. आम्ही भुवई चढवली की "पिठलं". आम्ही मान डोलावली की "साय". शेवटचं बोट खाली गेलं की मनात दोन-तीन आकडे मोजून आपलं खाली घ्यायचं. दोन वर्षं आमचीच आवड ते आम्हाला शिव्या घालून परत देत होते आणि आम्ही 'वा, काय कान आहे' म्हणत घरी जात होतो. मी कुणाला काही बोललो नाही. खरं तर मला त्यांचं कौतुकच वाटलं.

मग इरफानचं झालं.

इरफान ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्याचे अब्बाही वाजवायचे. ते वारले आणि चाळीस दिवसांनी हा त्यांचा जुना ॲम्प घेऊन चादरीला आला. दुरुस्त करून तोच वापरायचा होता त्याला, बन्सीभाऊंनी एकदा हो म्हटलं की झालं. अब्बांचं त्यानं दारातच सगळ्यांना सांगितलं. बन्सीभाऊ तेव्हा पाठमोरे, टेबलावर वाकून वायरींना सोल्डरचा डाग देत होते. ॲम्प लागला, इरफाननं सूर छेडला. आवाजात थोडी घरघर होती, पण मोठा देखणा आवाज. आणि आमचे सगळ्यांचे चेहरे पडले. दोघा-तिघांचे डोळे भरले. अब्बांना सगळेच ओळखत होते.

बन्सीभाऊंनी आमच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ही काय मौतीला आल्यागत तोंडं झाली सगळ्यांची! आवाजच मेलेला हाय ह्यो. ज्याचा असंल त्याच्यासंगंच पुरून टाकायचा व्हता."

 इरफान उठला, चादरीमागं गेला, ॲम्प उचलला आणि बाहेर पडला. त्याच दिवशी त्यानं तो भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवला असं नंतर कळलं.

बन्सीभाऊंना काय चुकलं ते कळलं नव्हतं. ते आमच्याकडं बघत होते, एकेकाच्या तोंडाकडं, काहीतरी शोधल्यासारखं. तिथं फक्त मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांच्यासमोर उभं राहून "त्याचा बाप मेलाय" एवढं ओठांनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी नाही म्हटलं. दिलेल्या शब्दाचं निमित्त मला सोयीचं पडलं.

इरफानचं दुःख मला झालं होतं, खोटं नाही सांगत. पण मी शब्द मोडला तो त्याच्यासाठी नाही. ते इतकं चांगलं कारण माझ्याकडं असतं तर काय पाहिजे होतं.

पुढच्या महिन्यात सूर छेडायची पाळी माझी होती. चादर संपल्यावर कुणीतरी म्हणालं, डॉक्टर, काहीतरी पूर्ण वाजवा. मी घरी तीन महिने घोटलेली एक चीज वाजवली. जीव ओतून वाजवली. हात थांबले तशी बन्सीभाऊंनी आमच्या मंडळींकडं एकवार बघितलं आणि मला म्हणाले, "डॉक्टर, दवाखान्यात तुम्ही आधी सुन्न करायची सुई देता ना? मग इथंबी देत जा."

असले हसले सगळे! प्रशांत तर खाली बसला. मीही हसलो. गाडीत बसलो आणि निघालो. आधी वाटलं, ज्या माणसाला ऐकूच आलं नाही त्यानं माझी अशी लाज काढावी? आणि चिकलठाण्याचा सिग्नल ओलांडेपर्यंत दुसरी गोष्ट लक्षात आली, ती जास्त वाईट होती. त्यांनी ते ऐकलं नव्हतं. त्यांनी वाचलं होतं. माझं वाजवणं चालू असताना सगळ्यांच्या तोंडावर जे होतं तेच त्यांनी बोलून दाखवलं. म्हणजे सात वर्षं 'मस्त डॉक्टर, छान डॉक्टर' म्हणणारे सगळे आतून कंटाळत होते.

त्या बाकीच्यांवर चिडायला पाहिजे होतं. चिडलो बन्सीभाऊंवर. त्याच आठवड्यात कॅनॉट बाजारातल्या चहाच्या टपरीवर मी प्रशांतला सांगून टाकलं. दवाखान्यातलं सगळं, 'पाया पडतो' सकट. प्रशांतचा चहा हातातच राहिला. "म्हणजे बहिरा? दोन वर्षं?" आणि मग त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

डाव प्रशांतनं मांडला. चादरीमागं मी बसायचं. त्यानं सूर छेडला की मी लगेच ॲम्पचं आवाज तोडायचं बटण दाबायचं. समोर सगळ्यांनी बोटं वरच ठेवायची आणि तोंडावर असं ठेवायचं की जगात असला आवाज झालाच नाही. बघू म्हातारा किती वेळ ऐकतो ते.

सगळ्यांना फोन गेले. इरफानला मी स्वतः सांगितलं. वाटलं, तो तरी खूश होईल.

"मेरेकु नक्को बोलो ये, डॉक्टरसाब," तो म्हणाला. "उनो बहरे हैं तो हैं. उनके उपर हसने से अब्बा का ॲम्प वापस आता क्या?" मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाला, "तुमकु मालूम था ना उस दिन? फिर उस दिन काहेकु नै बोले?" आणि फोन ठेवला.

तिथं तरी थांबावं माणसानं. नाही थांबलो.

रविवारी मी आणि प्रशांत सोडून सोळा जण होते. एरवी आठ-दहा असतात. बन्सीभाऊ गर्दी बघून खूश झाले, घरात जाऊन वहिनींना चहा वाढवायला सांगून आले. पहिले दोन ॲम्प नीट झाले. एकाला ताक म्हणाले, एकाला "बरं हाय, भुकंला खपंल." तिसऱ्याला प्रशांतनं सूर छेडला. मी मनातल्या मनात एक म्हटलं आणि बटण दाबलं.

आवाज तिथंच तुटला. पुसटसासुद्धा उरला नाही. चादरीला एक भोक होतं, त्यातून मी बघत होतो. सोळा बोटं वर. सोळा तोंडं देवळात उभं राहिल्यासारखी. कुणी डोळे मिटलेले, कुणी हळूहळू मान हलवतोय. आणि एका कडेला, मंडळींकडं तोंड करून बन्सीभाऊ, स्टुलावर ताठ बसलेले, बोट वर. त्यांचा चेहरा फुलत चालला होता. आमच्या चेहऱ्यांवरचं सगळं खरं मानून हा माणूस सुखावत होता.

"बघा," ते पुटपुटले. "बघा शेपूट. अजून चालूच हाय."

अर्धं मिनिट गेलं असेल. पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजली तीसुद्धा ऐकू आली, एवढी शांतता. मला वाटायला लागलं, बास करा रे आता. पण बोट कुणीच खाली घेईना. पहिलं खाली कुणी घ्यायचं, हाच प्रश्न. "साय!" बन्सीभाऊ म्हणाले, जरा मोठ्यानं. "ह्याला म्हनतात साय! जल्मात ऐकली नाय अशी."

तेवढ्यात कमलवहिनी चहाचं ताट घेऊन दारात आल्या. त्यांना या डावाचं काही माहीत नव्हतं. गिटार हातात, बोटं वर, आणि आवाज काहीच नाही. त्या म्हणाल्या, "का वो, लाईट गेली का?"

बन्सीभाऊ दाराकडंच तोंड करून बसले होते. त्यांनी वहिनींचे ओठ वाचले. मग वर बघितलं. पंखा फिरत होता. मग आमच्या सोळा बोटांकडं बघितलं, एकेका बोटाकडं. स्वतःचं बोट खाली घ्यायला त्यांना वेळ लागला. कुणाला तरी मागून हसू फुटलं, नाकातून, दाबलेलं. एकाला फुटल्यावर बाकीच्यांना काय.

ते हसणं त्यांना ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं. सोळा तोंडं.

ते उठले आणि चादरीमागं आले. माझं बोट अजून बटणावर होतं, काढायचं सुचलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. गावात ही गोष्ट फक्त एकाला माहीत होती, आणि तो एक इथं वाकून बसला होता. मला वाटलं आता जीभ चालेल. चालावी असंच वाटत होतं. ते म्हणाले, "दाढ चांगली काढली व्हती तुमी. काय तरास झाला नाय." मग वाकून त्यांनी ॲम्पची पिन भिंतीतून काढली, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "चहा घ्या समदे. गार व्हतोय."

चहा कुणी घेतला नाही. चपला शोधत सगळे बाहेर पडले. गल्लीत आल्यावर प्रशांत म्हणाला, "जिरली," आणि कुणी त्याला टाळी दिली नाही.

त्यानंतर चादर झाली नाही. मी अकरा महिने तिकडं फिरकलो नाही. दवाखान्यात मास्क लावला की खुर्चीतले बन्सीभाऊ आठवायचे, म्हणून शेवटी एका दुपारी गेलो. माफी मागायची होती. तीही खरं तर माझ्याच सुटकेसाठी.

लांबूनच घरघर ऐकू आली. शेडमध्ये पिठाची गिरणी. बन्सीभाऊंनी ती जागा गिरणीवाल्याला भाड्यानं दिली होती. कमलवहिनी दारातच भेटल्या, ओरडूनच बोलल्या. "माझे कान किटले वो डॉक्टर! ह्यांचं बरंय." मग जवळ येऊन म्हणाल्या, "मला वाटायचं, मुद्दाम बोलत नाहीत माझ्याशी. ह्यांचं मनच नाय माझ्यात, असं वाटायचं. दोन वरसं रडले मी. बहिरे हायत म्हनून कळलं तर मला आनंदच झाला बघा. पाप लागंल मला, पन झाला." इरफानच्या अब्बांचं त्यांनीच नंतर बन्सीभाऊंना सांगितलं होतं. ते ऐकून बन्सीभाऊ महिनाभर शहरातली भंगाराची दुकानं पालथी घालत होते, एकेक डबडं उलटं करून बघत. तो ॲम्प मिळाला नाही. तरी इरफान अधूनमधून येतो, गप्पा मारून जातो, असं वहिनी म्हणाल्या.

अंगणात बन्सीभाऊ खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला बघून हसले. "या डॉक्टर! कुनाचे दात पाडले आज?" अगदी पहिल्यासारखं. समोरच्या खुर्चीकडं हात केला. माझ्या तोंडाकडं बघत सगळ्यांची चौकशी केली. बजाजनगरच्या पोरांचं काय, कुणी काय घेतलं. कुणी एक नवा ॲम्प घेतल्याचं मी सांगितलं तर म्हणाले, "त्याला पाटी-पेन्सिल द्या आधी." मी हसलो. वाटलं, विसरला हा माणूस, निदान सोडून तरी दिलंय. धीर आला.

मी खुर्ची पुढं ओढली आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "बन्सीभाऊ, मला तुमच्याशी एक बोलायचंय. त्या रविवारचं."

त्यांनी ते नीट वाचलं. मान हलवली, समजल्याची. आणि डोळे मिटून घेतले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, उन्हामुळं असेल. मग लक्षात आलं. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. गुडघा हलला नाही, डोळे उघडले नाहीत. तरी मी बोललो. जे ठरवून आलो होतो ते सगळं बोललो, शब्द मोडला ते, इरफानच्या वेळी गप्प बसलो ते, माझ्या वाजवण्याबद्दल ते खरं बोलले होते ते. गिरणीच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. बोलणं संपल्यावर पण थांबलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधीतरी उघडतील म्हणून. मग उठलो. फाटकापाशी जाऊन वळून बघितलं. डोळे तसेच घट्ट मिटलेले होते, आणि हातानं शेंगा सोलणं चालू होतं.